रात्री उचलून ठेवलेलं पाणी

आमच्या कुत्रीचं, ठमीचं पाण्याचं भांडं मी दोन रात्री उचलून ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकते. लिहायला बसले की दरवेळी हात इथेच अडतो, तेव्हा इथूनच सुरुवात केलेली बरी.

ती तेव्हा आठ वर्षांची होती. पिल्लूपणातले पहिले काही महिने सोडले तर तिनं घरात कधी लघवी केली नव्हती. बाहेर जायचं असलं की दारापाशी जाऊन एकदाच हलकं ‘हुफ्’ करायची आणि आमच्यापैकी कुणी उठेपर्यंत तिथेच उभी राहायची. त्या आठवड्यात मात्र एका पहाटे दाराजवळ थारोळं दिसलं. तिनं हाक दिली असेल, आपल्यालाच जाग आली नसेल, असं म्हणून मी पुसून टाकलं. ठमी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी रागावले नव्हते, तरी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लघवी अगदी पाण्यासारखी. रंग नाही, वासही जवळजवळ नाही.

ती पाणी खूप पितेय हे आम्हां दोघींच्याही लक्षात आलं होतं. आई तर कौतुकानं म्हणायची, “बघ गं, आता कशी शहाण्यासारखी पाणी पितेय.” तिचं भांडं दीड लिटरचं. एरवी दिवसभरात ते संपत नसे, त्या दिवसांत दोनदा भरूनही पुरेना. मी हिशेब मांडला तो असा: पाणी जास्त होतंय म्हणून लघवी जास्त होतेय, म्हणून रात्र निघत नाही. रात्रीचं पाणी बंद केलं की झालं. झोपण्याआधी भांडं उचलून मी उंचावर ठेवलं. मध्यरात्री जाग आली तेव्हा ठमी भांड्याच्या जागी उभी होती. भांड्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ फरशीवर राहिलं होतं, ते ती चाटत होती. मी तिला जवळ बोलावलं, थोपटलं, झोपवलं. पाणी दिलं नाही.

बाकीच्या खुणाही होत्या, पण एकेकट्या. खाणं थोडं कमी झालं होतं. वाटलं, हवा बदलली असेल. एकदा उलटी झाली. वाटलं, बाहेर काही हुंगलं-चघळलं असेल. फिरायला निघाली की अर्ध्यातूनच परत वळायची, वाटलं, वय. शेपटीखाली सारखी चाटत होती, पण तिथे ना रक्त दिसत होतं ना पांढरं. तापही पाहिला मी. थर्मामीटरवर १०२ आला. कुत्र्यांचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं हे मला माहीत होतं, त्यामुळे उलट जीव भांड्यात पडला. ताप नाही, म्हणजे आतून काही मोठं नाही, अशी माझी समजूत. गर्भाशयात पू साठलेल्या कितीतरी कुत्र्यांना ताप नसतोच, काहींचं अंग तर नेहमीपेक्षा थंड पडतं, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. कानामागे खाजवलं तेव्हा शेपटीचं टोक दोनदा हललं, तेवढंच. पोटाला हात लावला तर ते ताठ आणि दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. महिनाभरात तिचं वजन वाढलंय असं आम्ही समजत होतो. पाठीचा कणा मात्र बोटांना टोचत होता. पोट मोठं आणि पाठ वाळलेली, या दोन गोष्टी एकत्र कशा, असा प्रश्न मला त्या क्षणी पहिल्यांदा पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारले.

“हिची नसबंदी झालीय?”

“नाही.”

“शेवटचा माज कधी संपला?”

मला आठवेना. आईनं बोटांवर मोजलं. “पाच आठवडे झाले असतील.”

डॉक्टर काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला. पोट तपासताना त्यांचा हात इतका हलका होता की ते दाबतायत की नुसते टेकवतायत हे कळत नव्हतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी आम्हांला दाखवलं: एकाशेजारी एक काळसर गोल, जणू मोठाल्या नळ्या मधूनच कापून ठेवल्यात. निरोगी मादीचं गर्भाशय सोनोग्राफीत शोधावं लागतं, सहज दिसतच नाही, असं ते म्हणाले. हिचं पोटभर तेच होतं. “पायोमेट्रा आहे. गर्भाशयात पू साठलाय. तोंड बंद आहे, त्यामुळे बाहेर काही आलं नाही.”

मी ऐकलेला शब्द समजून घ्यायच्या आत आईनं विचारलं, “म्हणजे पिशवी काढायची ना? आज काढाल?”

“आजच काढायला लागेल, काकू.”

आईची स्वतःची पिशवी पंधरा वर्षांपूर्वी काढलेली. तिला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. ती ठमीच्या डोक्याशी उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी ४५,००० होत्या. कुत्र्यात त्या साधारण ६,००० ते १७,००० असाव्या लागतात. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला. लगेच भूल देता येणार नव्हती. आधी काही तास सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक, आणि मग शस्त्रक्रिया. त्या तासांत डॉक्टरांनी येता-जाता जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते आता माझ्या डोक्यात इतकं मिसळून गेलंय की कुठलं कुठून आलं हे सांगता येणार नाही.

कुत्रीच्या माजाला आपण सर्रास ‘पाळी’ म्हणतो. मीही म्हणायचे. पण ती पाळी नव्हे. बाईच्या शरीरात गर्भ राहिला नाही की दोनेक आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक उतरतं, आतलं अस्तर सुटतं आणि रक्तावाटे निघून जातं. कुत्रीचं रक्त दिसतं ते अंडं सुटण्याच्याही आधी, तयारीच्या वेळी. साधारण नऊ दिवस रक्त, पुढचे साधारण नऊ दिवस ती नराला जवळ येऊ देते, आणि मग बाहेरून सगळं शांत. आपल्या लेखी माज संपला. आत मात्र खरं काम तेव्हाच सुरू होतं. अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन वाहायला लागतं आणि ते जवळजवळ दोन महिने वाहत राहतं. नर भेटला असो वा नसो. गाभण असो वा नसो. कुत्रीची गर्भावस्था ६३ दिवसांची, आणि गाभण नसलेलं शरीरही जवळपास तेवढेच दिवस गाभण असल्यासारखं वागतं. दर सहा-सात महिन्यांनी. बाईसारखी ऋतुनिवृत्तीही तिला नाही; म्हातारपणी दोन माजांतलं अंतर वाढतं, पण चक्र थांबत नाही.

प्रोजेस्टेरॉन जे जे करतं ते सगळं पिल्लांसाठी. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी पाझरायला लागतात, म्हणजे रुजणाऱ्या जिवाला पोषण मिळावं. स्नायूंचं आकुंचन थांबतं, म्हणजे तो बाहेर ढकलला जाऊ नये. रक्षणाला असलेल्या पेशी मवाळ होतात, म्हणजे त्या परक्या जिवावर तुटून पडू नयेत. ऊब, ओल, अन्न आणि निवांतपणा. माजाच्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असतं, तेव्हा खालून काही जीवाणू वर चढलेले असतातच. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो, तिच्याच आतड्यात राहणारा. थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली तान्ह्या बाळांच्या विष्ठेत त्याचं वर्णन केलं होतं. तुमच्या-माझ्या पोटात तो आत्ताही आहे आणि सहसा कुणाचं वाईट करत नाही. निरोगी गर्भाशय त्याला बाहेर काढून टाकतं. पण ज्या खोलीत पाळणा बांधून ठेवलाय आणि पहारेकऱ्याला गप्प बसवलंय, तिथे तो शिरला तर पिल्लांसाठी मांडलेलं सगळं त्यालाच मिळतं.

आणि हे एकदाच होत नाही. प्रत्येक माजानंतर अस्तर जाड होतं, आणि दरवेळी ते पुरतं पूर्वीसारखं होतंच असं नाही. वर्षानुवर्षांच्या या फेऱ्यांत त्यात लहान लहान पाण्याचे फुगे धरतात. म्हणून हा आजार मध्यम वयाच्या आणि त्यापुढच्या माद्यांत जास्त दिसतो. दोन-तीन वर्षांच्या मादीलाही तो होऊ शकतो, हे मात्र विसरता कामा नये. वेळ ठरलेली: माज संपल्यावर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत, क्वचित त्याही पुढे. डॉक्टरांनी दुसराच प्रश्न माजाचा का विचारला ते मला तेव्हा उमगलं.

तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो. पिवळट, चॉकलेटी, कधी रक्तमिश्रित, वाईट वासाचा. घाण दिसते म्हणून माणूस धावतो, आणि मादी वाचायची शक्यता वाढते. तोंड मिटलेलं असेल तर बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. आत साठत राहतं, ताण वाढतो, विष रक्तात उतरतं, आणि पिशवी पोटात फुटली तर पुढे फारसा वेळ उरत नाही. स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या कुत्रीत तर उघड्या तोंडाचा आजारही दिवसेंदिवस लपून राहतो. ठमीच्या अंगावरून काही जात नव्हतं, याचं मला त्या आठवड्यात समाधान वाटलं होतं.

आता पाण्याचं. मूत्रपिंडं पाणी गाळतात आणि त्यातलं बरंचसं परत शरीरात घेतात. ‘पाणी राखा’ हा निरोप त्यांना मेंदूकडून येणारं एक संप्रेरक देतं. ई. कोलायच्या विषामुळे मूत्रपिंडांना तो निरोप पोचूनही पाळता येत नाही. पाणी सुटत राहतं. म्हणून लघवी पाण्यासारखी, म्हणून रंग नाही, वास नाही. आणि गेलेलं पाणी भरून काढायला ती पीत राहते. लघवी आधी, तहान मागून. माझा हिशेब नेमका उलटा होता. तिच्या शरीरातून पाणी वाहून चाललं होतं, ती जिवाच्या आकांतानं ते भरत होती, आणि तिला भरण्याचा जो एकच मार्ग होता तो मी रात्री उंचावर ठेवत होते.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “पुष्कळ लोक करतात.” आणि मग एक आकडा दिला, तो मी तेव्हापासून जो भेटेल त्याला देते. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल तर काहीतरी बिघडलंय असं धरून चालायचं. ठमी २२ किलोची. तिची मर्यादा दोन लिटर आणि वर थोडं. ती पीत होती तीन लिटर. कारण मधुमेह असेल, मूत्रपिंडं असतील, आणखी काही असेल, पण नसबंदी न झालेली मादी असेल तर आधी गर्भाशय पाहायचं. पाणी मोजायचं. तोडायचं नाही.

शस्त्रक्रिया दीड तास चालली. नंतर डॉक्टरांनी विचारलं, बघायचंय का. आई नको म्हणाली. मी हो म्हटलं.

स्टीलच्या ट्रेमध्ये ते होतं. कुत्रीचं गर्भाशय आपल्यासारखं एका पिशवीचं नसतं. इंग्रजी वाय अक्षराचं असतं, खाली लहानसा देठ आणि वर दोन लांब शिंगं, एकेका शिंगात पिल्लं ओळीनं वाढावीत म्हणून. एरवी ही शिंगं करंगळीपेक्षाही बारीक असतात. ट्रेमधली माझ्या मनगटाहून जाड होती. वळणावळणांनी एकमेकांवर रेललेली, मधेमधे गाठ मारल्यासारखी आवळलेली, वरून तकतकीत. रंग एकच नव्हता: कुठे करडा, कुठे जांभळट, आणि सगळ्यावर लाल शिरांचं बारीक जाळं. एका ठिकाणी भिंत इतकी पातळ झाली होती की आतलं पिवळं दिसत होतं. डॉक्टरांनी हातमोज्याचं बोट तिथे नेलं, पण टेकवलं नाही. “हे उद्यापर्यंत थांबलं नसतं.” वजनकाट्यावर ते एक किलो आठशे ग्रॅम भरलं. ती हे घेऊन जिने चढत-उतरत होती. फिरायला जायच्या वेळी दारापाशी येऊन उभी राहत होती.

आठ वर्षांत नसबंदी का केली नाही, हे आईनं मला कधी विचारलं नाही. मीच मला विचारलं. खरं उत्तर असं की तिच्या अंगाला सुरी लावायची कल्पना मला सोसत नव्हती, आणि त्या न सोसण्याला मी ‘निसर्गानं दिलंय ते आपण कशाला काढायचं’ असं भारदस्त नाव दिलं होतं. शिवाय तो मोजा. दर माजानंतर दोनेक महिन्यांनी ठमी माझा एक करडा लोकरीचा मोजा कुठूनतरी शोधून काढायची, तोंडात अलगद धरून पलंगाखाली न्यायची, पंज्यांमध्ये घेऊन चाटत बसायची. आचळं भरायची. कधी दुधाचे थेंब यायचे. कुणी मोज्याला हात लावला तर घशातल्या घशात गुरगुरायची, ती ठमी, जी एरवी कुणावर आवाज चढवत नसे. मला भरून यायचं. वाटायचं, हिला आई व्हायचंय. हिची पिशवी काढून टाकायचा मला काय अधिकार? पिल्लं तर मी होऊ देत नव्हते, कारण त्यांना घरं कुठून आणायची. मग त्या इच्छेचा मान राखायचा म्हणून निदान शरीर तसंच ठेवायचं, असा काहीतरी तो तर्क होता. एकदा पिल्लं झाली की मादी पुढे निरोगी राहते, असंही लोक सांगत. व्यायलेल्या मादीला हा आजार होत नाही असं काही नाही.

आज मला वाटतं, नसबंदी न करणं म्हणजे काहीच न करणं, ही माझी मूळ चूक. तोही निर्णयच होता. स्वीडनमध्ये निरोगी कुत्र्यांची नसबंदी करायची फारशी रीत नव्हती, म्हणून तिथल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून हा आजार एरवी किती होतो हे पाहता आलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा वर्षांची होईपर्यंत साधारण दर चार माद्यांमागे एकीला पायोमेट्रा झालेला आढळला. काही जातींत प्रमाण कितीतरी जास्त, काहींत कमी. चारांत एक. हा आकडा मला ठमी वर्षाची असताना कळला असता तर ‘निसर्ग’ हा शब्द मी इतक्या सहज वापरला नसता.

नसबंदीचेही तोटे आहेत आणि ते लपवून कुणाचं भलं होणार नाही. काही माद्यांना पुढे झोपेत लघवी सुटण्याचा त्रास होतो. वजन वाढतं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. मोठ्या जातींत फार लवकर केली तर सांध्यांचे विकार वाढतात असं काही अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे कुठल्या जातीत कुठल्या वयात करायची याबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. हे सगळं बोलून घ्यावं. पण बोलून घ्यावं ते मादी तरुण आणि ठणठणीत असताना. निरोगी मादीची ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि ठमीसारखीची त्या दिवशीची शस्त्रक्रिया, दोन्हींत काढायचं तेच असतं. पण एकीत बारीक दोरीएवढ्या गर्भाशयाला टाका घालायचा असतो, आणि दुसरीत विषानं थकलेल्या देहातून, भूल सोसवेल की नाही या धास्तीत, फुटायला आलेलं काहीतरी न फोडता बाहेर आणायचं असतं. वेळेत आणलेल्या बहुतेक माद्या यातून वाचतात. सगळ्या नाही.

माज येऊच नये म्हणून दिली जाणारी इंजेक्शनं याहून वाईट, कारण ती सोपी वाटतात. त्यांत असतं ते प्रोजेस्टेरॉनचंच भावंड. जे रसायन वर्षातून दोनदा अस्तर जाड करतं, तेच आपण बाहेरून टोचून घेतो. ठमी चार वर्षांची असताना एका ठिकाणी मला हा उपाय सुचवला गेला आणि मी दोनदा ते इंजेक्शन दिलं. त्याच्या परिणामांबद्दल मला कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ठमीच्या आजारात त्याचा वाटा किती हे कुणी ठरवू शकणार नाही, पण मला ते आठवतं.

औषधांनी बरं करता येत नाही का, हा प्रश्न सगळेच विचारतात. येतं, काहींना. मादी तरुण असेल, तोंड उघडं असेल, तब्येत फार ढासळलेली नसेल आणि पुढे पिल्लं हवीच असतील, तर अग्लेप्रिस्टोनसारखं प्रोजेस्टेरॉनला अडवणारं औषध, जोडीला गर्भाशयाचं आकुंचन घडवणारं प्रोस्टाग्लँडिन आणि अँटिबायोटिक देतात. पण अंडाशय आणि गर्भाशय जागेवरच राहतं, पुढचा माज यायचाच असतो, आणि आजार पुष्कळदा परततो. तोंड बंद असताना नुसतं आकुंचन घडवणारं औषध दिलं तर भरलेली पिशवी फुटू शकते. नुसत्या अँटिबायोटिकवर तर भिस्त ठेवूच नये. त्यानं चार दिवस बरं वाटतं, आणि तेच चार दिवस हातचे जातात.

ज्यांना नसबंदी करायची नाही, त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही. एवढंच विचारते की शेवटच्या माजाची तारीख लिहून ठेवलीय का. बहुतेकांनी नसते. माज संपला त्या दिवसावर भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करा आणि तिथून पुढे दोन महिन्यांवर दुसरी खूण. त्या दोन खुणांमधले दिवस वेगळे समजा. त्या दिवसांत पाणी वाढलं, खाणं कमी झालं, ती उगीच पडून राहिली, तर वय, हवा, लहर, यांतलं काहीही म्हणायचं नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी. परिचयातल्या एका मुलीनं अशी खूण केली होती, आणि तिच्या कुत्रीचा पाण्याचा खर्च वाढल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात गेली. तिची कुत्री स्वतःच्या पायांनी चालत आत गेली होती.

ठमी तीन दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी घरी आणली. पोटावर वीतभर टाके, आजूबाजूचे केस भादरलेले, गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून घातलेला प्लॅस्टिकचा शंकू. दाराच्या चौकटीला शंकू आपटला की ती थांबायची, मागे व्हायची, पुन्हा प्रयत्न करायची. आल्याआल्या पाण्याकडे गेली. शंकूसकट तोंड भांड्यात जाईना, तेव्हा आईनं भांडं उचलून तिच्या हनुवटीखाली धरलं. ती थोडंसं प्यायली आणि बाजूला झाली. मी भांड्यात पाहिलं. जवळजवळ तेवढंच होतं.

आठव्या दिवशी रात्री पलंगाखालून खुडबुड ऐकू आली. वाकून पाहिलं. ठमी फरशीवर पंजे घासत होती, गादी विसकटून जागा करावी तशी. भिंतीशी, तिच्या शंकूच्या पलीकडे, तो करडा मोजा पडला होता. ती तोंड पुढे करायची, शंकूची कड मोज्याला लागायची आणि मोजा आणखी मागे सरकायचा. पोट पाहिलं तर आचळं भरली होती.

मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की असं होतं. अंडाशयं अचानक गेली, प्रोजेस्टेरॉन एकदम उतरलं. शरीराला ही बाळंतपणाची खूण वाटते, आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर येतं. दोन-तीन आठवड्यांत ओसरेल. पूर्वीही दरवेळी तेच होत होतं, फक्त सावकाश. म्हणजे आठ वर्षं ज्याला मी तिची इच्छा समजत आले, ते उतरणाऱ्या रसायनामागून येणारं दुसरं रसायन होतं. कळपात राहणाऱ्या लांडग्यांमध्ये सहसा एकच जोडी विते आणि बाकीचे तिची पिल्लं सांभाळतात. हा खोटा पान्हा त्या काळाचा वारसा असावा असं काही अभ्यासक मानतात. फोन ठेवून मी हे सगळं आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं.

मग ती खाली बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. हात लांब करून तिनं भिंतीशी गेलेला मोजा ओढला आणि शंकूच्या आत, ठमीच्या तोंडाशी ठेवला. ठमी गुरगुरली नाही. तिनं मोज्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. तिच्या श्वासानं शंकूच्या आतून वाफ धरत होती आणि पुसट होत होती. आई उठली नाही. मी पाण्याचं भांडं भरून आणलं आणि पलंगाशी, ठमीचं तोंड पोचेल इतक्या जवळ ठेवलं.